आईकडचं रक्त

मुख्तारची सायकल तांड्याच्या वाटेला लागली की मानीबाई घरात जाऊन दार ओढून घ्यायची. दोन वर्षं हा नेम चुकला नव्हता. मुख्तार बोरी अरबच्या कल्हईवाल्याचा पोरगा, मलेरियाच्या खात्यात लागलेला. दर पंधरा दिवसांनी त्यानं घरोघर फिरायचं, ताप कोणाला आला ते विचारायचं, आला असेल त्याचं बोट टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, चार कडू गोळ्या तिथल्या तिथं गिळायला लावायच्या आणि भिंतीवर तारीख टाकून पुढं जायचं. काचेत मलेरिया निघाला तर तो पुन्हा यायचा आणि पाच दिवसांच्या बारीक गोळ्या देऊन जायचा. मानीबाईच्या भिंतीवर मात्र तो कुंपणाबाहेरूनच हात लांबवून तारीख टाकायचा आणि मान खाली घालून निघून जायचा.

या दाराचं कारण होतं खेमसिंग. मानीबाईचा एकुलता एक मुलगा, बावीस वर्षांचा, बैलासारखा कामाला. एकोणीसशे बासष्टच्या पावसाळ्यात त्याला हिवताप आला, उतरलाही. मग काचेत मलेरिया निघाला म्हणून मुख्तारनं पाच दिवसांच्या गोळ्या आणून दिल्या. खेमसिंग म्हणाला, "आता बरा हाये, कायले पाह्यजे?" मानीबाईनंच त्याला दटावलं. सकाळी शेतात डवरणीला, तण काढायला, जायची त्याची घाई, तिनं गुळाच्या खड्यात घालून गोळी भरवली, उपाशीपोटी. तिसऱ्या दिवशी त्याला लघवी काळ्या चहासारखी झाली. चौथ्या दिवशी डोळे हळदीसारखे पिवळे आणि दोन पावलं टाकली की धाप. सहाव्या दिवशी बंडीत घालून दारव्ह्याला नेताना अर्ध्या वाटेत त्यानं मान टाकली.

तांड्यानं मुख्तारला शिव्या घातल्या, एकदा तर मारायलाही धावले. मानीबाई त्याला एक शब्द बोलली नाही. तिच्या मनानं घेतलं होतं की पोरगा तिच्याच हातानं गेला. भाकरी घालून गोळी दिली असती तर जगला असता. हे ती कोणाला बोलली नाही, पण त्या दिवसापासून घरात गुळाचा खडा आणला नाही. उरलं काय, तर मुलगी गंगी. नवरा फुलसिंग गंगी तान्ही असतानाच गेलेला, दिराच्या शेजारी कुडाचं घर, दोन एकर मुरमाड जमीन. मानीबाईचं पोट चालायचं ते सुईवर. लग्नाच्या फेटिया आणि काचळ्या, म्हणजे बायकांचे घागरे आणि आरशांच्या चोळ्या, भरून द्यायला आसपासच्या दहा तांड्यांतून बायका तिच्याकडे यायच्या.

असं असताना चौसष्टच्या दिवाळीआधी नशीब उघडलं. अडाण नदीपलीकडच्या तांड्याचा नायक, म्हणजे मुखिया, रामसिंग स्वतः चालत तिच्या दारी आला आणि धाकट्या मुलासाठी गंगीला मागून गेला. नायकाचं घर, बारा बैल, विहीर. विधवेच्या पोरीला असं ठिकाण कुठं मिळतं? सगाई झाली, मार्गशीर्षात लग्न ठरलं. गंगी दिवसभर अंगणात बसून आपली फेटिया भरायची आणि गुणगुणायची. खेमसिंग गेल्यापासून त्या घरात कोणी गुणगुणलं नव्हतं.

अशा एका दुपारी मुख्तारची सायकल आली. गंगी पाण्याला गेली होती. मानीबाईनं दार ओढलं. पण या खेपेला कुंपणापाशी खडूचा आवाज आला नाही. पावलं अंगणात आली, दारापाशी थांबली.

"मावशी," मुख्तार बाहेरून म्हणाला, "दार नको उघडू. नुसतं आयक. डाक्टरसायबानं धाडलं मले."



दारव्ह्याच्या दवाखान्यात काळबांडे नावाचे डॉक्टर नवे आले होते. खेमसिंगची हकीकत मुख्तारनंच त्यांना सांगितली होती, कारण ती त्याच्या छातीवर बसलेली होती. मुख्तार दाराला सांगू लागला. असा खेमसिंग एकटाच नव्हता. लोहीकडच्या तांड्यातला पवाराचा पोरगा याच गोळ्यांनी काळं मुतला, मरता मरता वाचला. वरच्या तांड्यातल्या चव्हाणाचंही तसंच. बाकी शेकडो माणसांनी तीच गोळी खाल्ली, त्यांना काही झालं नाही. डॉक्टरांनी नागपूरच्या आपल्या गुरुजींना लिहिलं. तिकडून उत्तर आलं, औषधाच्या दोन बाटल्या आल्या. गोळी खराब नव्हती आणि माणसंही आजारी नव्हती. काही माणसांच्या रक्तात जन्मापासूनच एक वस्तू कमी असते. जन्मभर त्यांना पत्ता लागत नाही. ही गोळी पोटात गेली की मात्र रक्त आतल्या आत फुटायला लागतं.

"उपाशीपोटी देल्ली म्हणून नाई?" दाराआडून पहिल्यांदाच आवाज आला.

"नाई मावशी. दहा भाकरी खाऊन देल्ली असती तरी तेच झालं असतं."

मानीबाई दाराला पाठ टेकून खाली बसली. दोन वर्षं तिनं जे उरावर वागवलं ते एका वाक्यात खाली आलं आणि तिला हुंदका फुटला.  बाहेर मुख्तारलाही हे ओझं उतरवायचं होतं बहुतेक, कारण तोही नाक ओढत होता.

"तं आता डाक्टर म्हन्ते, हे घराण्यात चालते," तो थोड्या वेळानं म्हणाला. "कोणाकोणाच्या रक्तात हाये थे आधी समजलं तं त्याईले गोळी द्यायचीच नाई. म्हणून आमी नायकलोकाईले इचारलं. त्याईनं ढाडीले बलावलं."

ढाडी म्हणजे तांड्याची वंशावळ तोंडपाठ म्हणणारा गायक. त्यानं मांडी ठोकून राठोडांचे पूर्वज म्हटले, पवारांचे म्हटले, चव्हाणांचे म्हटले. बापाचा बाप, त्याचा बाप, कोणी कुठं मिठाचे बैल नेले, कोणी कुठं वाघ मारला. डॉक्टरांच्या दोन पेन्सिली झिजल्या. दुपार कलली तरी तीन घराणी कुठंच एकमेकांना भेटेनात. भेटणार कशी? गोत्रं वेगळी. नायक मिशीवर पीळ देत म्हणाले, पाहा साहेब, आमच्या रक्ताचा संबंध नाही. डॉक्टरांनी ढाडीला चहा पाजून रवाना केलं आणि मग कपाळावर हात मारला, कारण नागपूरच्या पत्रात दुसऱ्याच पानावर लिहिलं होतं की हे बापाकडून पोराला येत नाही. आईकडून येतं. बाईला स्वतःला सहसा काही होत नाही, ती नुसती पुढं नेते.

"आता बायाईचे माहेर कोणाच्याच वहीत नाई," मुख्तार म्हणाला. "माह्या रजिस्टरात बापाचं नाव, गोत्र अन् उमर. मावशी, तू दहा तांड्यांच्या बायाईचे कपडे शिवतं. तुले माईत असन तं सांग. पवाराची माय कोणाची, चव्हाणाची माय कोणाची?"

मानीबाईला माहीत होतं. विचारही करावा लागला नाही.

तिच्या आजीचं, आईच्या आईचं, नाव सुखीबाई. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूख पालथा घालणाऱ्या तांड्याच्या शेवटच्या पिढीतली. काचळीच्या खांद्यावर सगळ्या बायका मध्ये आरसा लावतात. सुखीबाई आरशाऐवजी कवडी लावायची आणि भोवतीची चौकट मुद्दाम एका कोपऱ्यात उघडी सोडायची. का, ते तिलाच ठाऊक. तिच्या चार मुली ते शिकल्या, त्यांच्या मुली शिकल्या. चौघी चार गोत्रांत गेल्या, पुढं आणखी पांगल्या. बोरीच्या बाजारात पवाराच्या आईच्या खांद्यावर ती उघडी चौकट मानीबाईनं पाहिली होती, विचारलं होतं, आणि दोघी मिरचीच्या ढिगापाशी गळ्यात पडून रडल्या होत्या. चव्हाणाच्या आईची काचळी तर तिच्याकडेच उसवून दुरुस्तीला आली होती. तीन काळ्या लघव्या आणि तीन उघड्या चौकटी.

म्हणजे हातून नाही, पोटातून गेलं. आपण गुळातून दिलेली गोळी नव्हे, आपण जन्माला घालताना दिलेलं रक्त. मघाशी उतरलेलं ओझं दुप्पट होऊन परत बसलं. आणि त्याच्या मागोमाग दुसरा विचार आला, आणि त्यानं तिच्या तोंडाला कुलूप लागलं. हे रक्त गंगीतही असेल. नायक रामसिंग असली पोरगी घरात घेईल?

"मले नाई माईत," ती म्हणाली.

मुख्तारनं सुस्कारा टाकला. सायकलची घंटी वाजली, म्हणजे तो हँडल धरून वळला. जाता जाता सहज बोलला, "लवकर समजलं असतं तं बरं झालं असतं. आता नदीपल्याडच्या तांड्यात लय ताप हाये. कालच एका पोराले पाच दिवसाच्या चालू केल्या. पन तो जाधव हाये, त्याचं या तिघाईशी काही नाई."

"कोणता जाधव?"

"भीमसिंग. नंदाबाईचा."

सायकल निघून गेली. मानीबाई दाराआड तशीच बसून राहिली. नंदाबाई तिच्या सख्ख्या थोरल्या बहिणीची मुलगी. नंदाच्या लग्नाची काचळी मानीबाईनं स्वतः भरून दिली होती, कवडी लावून. आणि भीमसिंग राहत होता तो तांडा दुसरा कुठला नव्हता, रामसिंग नायकाचाच होता. गोळ्या थांबवायच्या तर तिथं जाऊन, त्या नायकासमोर, का थांबवायच्या ते सांगावं लागणार.

तिनं त्या दिवशी स्वतःला किती सबबी सांगितल्या! पवाराचा पोरगा वाचला की. चव्हाणही वाचला. प्रत्येकालाच होतं असं थोडंच आहे? मुख्तारला आडून निरोप धाडू? पण मुख्तार आता चार दिवस दुसऱ्या गावांना. गंगी पाणी घेऊन आली, भाकरी थापल्या, सासरच्या विहिरीला बारा महिने पाणी असतं म्हणाली, आणि स्वतःच लाजली. मानीबाई बोटांवर दिवस मोजत होती. काल पहिली गोळी, आज दुसरी. खेमसिंगला तिसऱ्या दिवशी काळी झाली होती. उद्या तिसरा दिवस.

फटफटलं तशी ती उठली. गंगीनं आईला विचारलं, "याडी, कुठं चालली?"

"नंदीचा पोरगा तापानं पडला हाये. पाहून येतो."

"तिकडं चालली तं नायकाच्या घरीबी जाजो," गंगी हसून म्हणाली. मानीबाईनं तिच्याकडे पाहिलं नाही.

तीन कोसांची वाट. अडाणेला गुडघाभर पाणी होतं, फेटियाचा ओचा खोचून ती उतरली. पाय पुढं पडत होते आणि मन पावलागणिक माघारी फिरत होतं. भीमसिंग ठणठणीत असला तर गुपचूप त्याला पाहायचं, नंदाच्या हातचा चहा घ्यायचा आणि परतायचं, असं ती नदीला सांगत होती. देवा, पोरगा ठणठणीत असू दे.

भीमसिंग बाजेवर पडला होता. विशीचा, तरतरीत पोरगा, ओठ पांढरे पडलेले. नंदाबाई एका हातात पाण्याचा गडू आणि दुसऱ्या तळहातावर गोळी घेऊन उभी होती. दारात नायक रामसिंग खुर्ची टाकून बसला होता. खेमसिंगच्या प्रकारानंतर सगळे तांडे गोळ्या नाकारत होते तेव्हा या माणसानं चावडीसमोर पहिली गोळी स्वतः गिळून दाखवली होती. त्याच्या तांड्यात कोणी गोळी चुकवू नये म्हणून तो सकाळी घरोघर जाऊन बसायचा. वाईट माणूस नव्हता. शब्दाचा पक्का होता, आणि तेच आता आडवं आलं होतं.

"समधीणबाई! तुमी कशा इकडं?" तो होणाऱ्या विहिणीसाठी उठून म्हणाला.

मानीबाईनं त्याला रामराम केला आणि नंदाबाईच्या कानाशी गेली. "नंदे, पोराची लघवी कशी हाये?"

नंदाबाईचा चेहरा उतरला. तिनं डोळ्यांनी न्हाणीकडे दाखवलं. तिथं एका डब्यात तिनं ती झाकून ठेवली होती, नायकाला दिसू नये म्हणून, कारण नायक म्हणेल बाई बहाणे करते. मानीबाईनं झाकण उचललं. बिनदुधाचा चहा.

ती परत आली तेव्हा भीमसिंगनं तोंड उघडलं होतं. मानीबाईनं नंदाच्या मनगटावर असा हात मारला की गोळी उडून चुलीच्या राखेत गेली.

"हे काय?" रामसिंगचा आवाज चढला. "एकाची गोळी थांबली तं उद्या साराच तांडा थांबन. मग पुना तापानं माणसं मरतीन. काहून मारला हात? सांगा."

"त्याले सोसत नाई हे गोळी."

"कायनं सोसत नाई? मी खाल्ली, माह्या पोराईनं खाल्ली. तुमच्या पोराचं दुख हाये तुमाले, मी समजतो. पन कारण सांगा. कारण असन तं मी सोता थांबवतो."

कारण. दारात माणसं जमली होती, त्यांच्यात नायकीणही होती. मानीबाईला गंगीचं गुणगुणणं ऐकू आलं, इतक्या लांबून. तिला वाटलं, आत्ताही काहीतरी दुसरं सांगता येईल. स्वप्न पडलं म्हणावं, देवीनं सांगितलं म्हणावं. पण देवीचं नाव घेतलं तर आज एक गोळी थांबेल, आणि पुढं तिच्याच आजीच्या वेलीवरची दुसरी पोरं कुठंतरी तोंड उघडून बसतील. आणि तिला त्या क्षणी आजीचा, आपला, नशिबाचा, साऱ्यांचा भयंकर राग आला.

"आमच्या रक्तात हाये," ती म्हणाली. मग आवाज मोठा करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माह्या आजीच्या रक्तात. नंदी माह्या बहिणीची पोरगी. माहा खेमसिंग त्यानंच गेला. हे मायकडून येते नायक, बापाकडून नाई. दारव्ह्याच्या डाक्टरले इचारा. पन पहिले बंडी जुंपा."

 रामसिंग तिच्याकडे पाहत राहिला. त्याच्या ध्यानात काय आलं ते तिला त्याच्या डोळ्यांत दिसलं. मग तो वळला आणि आपल्या बैलजोडीला हाक मारली. हे त्याचं मोठेपण मानीबाई पुढं जन्मभर सांगायची.

दवाखान्यात काळबांडे डॉक्टरांनी भीमसिंगला पाहिलं, गोळ्या बंद करून सुईनं पाणी चढवलं. रामसिंग दारातून हलेना. "डाक्टरसायेब, बाई म्हन्ते थे खरं हाये का? मले डोळ्यानं पाह्यचं हाये."

डॉक्टरांनी दोन नळ्या घेतल्या. एकीत भीमसिंगचं रक्त, दुसरीसाठी म्हणाले, "नायक, तुमचंच द्या." रामसिंगनं दंड पुढं केला. डॉक्टरांनी दोन्हींत नागपूरच्या बाटल्यांतलं औषध घातलं, निळे थेंब टाकले, आणि नळ्या अंगाइतक्या गरम पाण्यात उभ्या केल्या. आता दोन्हीही रक्तं काथाच्या रंगाची झाली होती. तीन तास थांबायचं होतं. चांगलं रक्त परत लाल होतं, दुसरं होत नाही.

ते तीन तास मानीबाई भिंतीला टेकून बसली. पाणी निवलं की शिपाई गरम ओतायचा. नंदाबाई मुलाचे पाय चोळत होती आणि मावशीकडे बघायचं टाळत होती, कारण तिच्याही दोन मुली लग्नाच्या होत्या. मानीबाईच्या मनात एक लाजिरवाणा विचार येऊन गेला. भीमसिंगची नळी लाल झाली तर? तर आपण खोटे ठरू, लोक वेडी म्हणतील, आणि गंगीचं लग्न होईल. मग तिनं बाजेकडे पाहिलं आणि त्या विचाराची तिला इतकी किळस आली की ती उठून बाहेर जाऊन उभी राहिली.

डॉक्टरांनी नळ्या काढून खिडकीशी धरल्या. नायकाची लालबुंद. भीमसिंगची काथासारखी, होती तशीच.

"दोनच गोळ्या पोटात आहेत," डॉक्टर म्हणाले. "आणखी एक गेली असती तर मी काही सांगू शकलो नसतो. आता वाचेल असं वाटतं." मग त्यांनी कागद पुढं ओढला. "बाई, तुमच्या आजीच्या लेकी आणि त्यांच्या लेकी, सगळ्यांची नावं सांगा. त्यांच्या मुलांना ही गोळी रक्त बघितल्याशिवाय द्यायची नाही, असं मी प्रत्येक रजिस्टरात लाल शाईनं लिहून घेणार आहे."

मानीबाईनं नावं सांगायला सुरुवात केली. ढाडीला जशी बापांची, तशी तिला बायकांची नावं पाठ होती, हे तिलाही त्या दिवशीच कळलं. थोरली, तिच्या तिघी, त्यातली एक राजूरकडे कोळशाच्या खाणीवर गेलेली. दुसरी, तिच्या दोघी. नंदाबाई, नंदाबाईच्या मुली. सतरा नावं झाली. डॉक्टरांनी विचारलं, "संपली?"

रामसिंग अजून दारातच होता. त्यानं मान खाली घातली होती. तो बाहेर गेला असता तर किती बरं झालं असतं.

"एक राह्यली," मानीबाई म्हणाली. "गंगी. माही पोरगी."

भीमसिंग अकरा दिवसांनी चालत घरी गेला. मार्गशीर्षाआधी रामसिंगचा माणूस सगाईची साडी परत मागायला आला. नायक स्वतः आला नाही, त्याला तोंड दाखवायला जड गेलं असावं. मानीबाईनं गंगीला समजावलं की डॉक्टर म्हणतात तुझ्यात असेलच असं नाही, निम्मा निम्मा संभव, आणि असलं तरी फक्त औषध सांभाळायचं. गंगीनं अर्धी भरलेली फेटिया घडी करून ठेवली. "नंदीबाईच्या पोरासाठी माहं नाव सांगतलं तू," ती म्हणाली. "तुले एकच पोरगी होती याडी." त्यानंतर ती आईशी कामापुरतं बोलायची. भाकर झाली, पाणी आणलं, एवढंच. कोणतीही गोष्ट विचारायची नाही.

पासष्टच्या उन्हाळ्यात महागावकडचा एक बिजवर मिळाला. भला होता, पण चाळिशीला टेकलेला. लग्न दिरानं जमवलं, आणि रक्ताची गोष्ट त्यानं त्या लोकांना सांगितली नाही. मानीबाईला सांगायची होती, दिरानं हात जोडले, गंगीनं तिच्याकडे नुसतं पाहिलं, आणि ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याचा घोर तिला चार वर्षं पुरला. गंगीला मुलगा झाल्याचा निरोप आला तेव्हा तिनं तांड्यात साखर वाटली, पण स्वतः कण तोंडात टाकला नाही. मुख्तार आता घरात येऊन चहा प्यायचा. तो दर खेपेला विचारायचा, गंगी आता दुसऱ्या तालुक्यात, महागावच्या रजिस्टरात लिहिलं का, आणि ती म्हणायची, पोरीच्या संसारात कशी बोलू?

एकोणसत्तरच्या दिवाळीनंतर ती एस.टी.नं महागावला उतरून तांड्यात गेली. गंगीनं पाणी दिलं, कुशल विचारलं नाही. तीन वर्षांचा नातू ओसरीवर पडून होता, गेल्या आठवड्यात ताप येऊन गेलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मलेरियाचा माणूस आला, मुख्तारसारखाच खांद्याला पिशवी लावलेला. "काचेत निघाला आहे," तो म्हणाला आणि कागदाची पुडी सोडली. बारीक गोळ्या, अर्ध्या करून.

 गंगीची सासू दळत होती, जावई बैलांना वैरण टाकत होता. मानीबाई पाहुणी होती. पोरीचं लग्न एकदा मोडलं होतं तिनं. ती उठली, भिंतीपर्यंत गेली आणि तिथंच थांबली.

"थांबा," गंगी म्हणाली.

तिनं पुढं होऊन पोराला उचललं आणि कडेवर घेतलं. "गोळी द्याची नाई. माह्या याडीकडच्या रक्तात दोष हाये, माह्यातबी असन. माहा भाऊ याच गोळीनं गेला. पहिले दारव्ह्याले पोराचं रक्त पाह्यतो."

जातं थांबलं. सासू उठून उभी राहिली. "अन् हे लगनाआधी काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तुमी मले आणलं नसतं," गंगी म्हणाली. तिचा आवाज फाटत होता, पण ती मागं सरली नाही. "एका नायकानं तेवढ्यासाठी परत देल्ली मले. आता तुमाले परत द्याची असन तं द्या. पोरगा जित्ता घेऊन जाईन."

जावई हातात वैरणीचा पेंढा तसाच धरून उभा होता. त्यानं आईकडे पाहिलं, मग मुलाकडे. पेंढा खाली टाकला आणि मलेरियाच्या माणसाच्या हातातली पुडी घेऊन त्याच्याच पिशवीत घातली.  सासू जात्यापाशी परत बसली, दळू मात्र लागली नाही.

मानीबाई भिंतीपाशी उभीच होती. तिचे डोळे वाहत होते आणि पदर कुठं आहे ते सापडत नव्हतं. गंगी पोराला घेऊन तिच्यासमोर आली. पाच वर्षांत तिनं आईला काही विचारलं नव्हतं.

"याडी," ती म्हणाली, "दारव्ह्याची गाडी कितीले हाये?"